टू-स्पिरिट म्हणजे तृतीयपंथी नव्हे

केंट मंकमन ह्या क्री (कॅनडातली एक आदिवासी जमात) चित्रकाराची ओळख मराठीत लिहिताना 'टू-स्पिरिट'ला 'तृतीयपंथी' चालेल का, असं विचारलंय. नाही चालणार. हल्ली ज्याला त्याला तृतीयपंथी लिहून मोकळं व्हायची खोडच लागलीय, आणि 'द्विआत्मिक' तर वाचवत नाही. 'टू-स्पिरिट' हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींनी 1990 साली कॅनडातल्या विनिपेगजवळच्या मेळाव्यात स्वतःसाठी ठरवून घेतला, त्यात गे, लेस्बियन, ट्रान्स सगळे येतात, पण आदिवासीच.

ठरवून घ्यावा लागला कारण आधीचा शब्द होता 'बर्दाश', आणि ह्याचा प्रवास बघाच! फारसीत 'बर्दा' म्हणजे पकडून आणलेला गुलाम, हिंदी-उर्दूतल्या 'बर्दाफरोश'मधला तोच, तिथून अरबी, मग इटालियन, मग फ्रेंचमध्ये पोचेपर्यंत पुरुषांनी भोगायला ठेवलेला पोरगा असा अर्थ झाला, आणि फ्रेंचांनी तो नेऊन चिकटवला कुणाला तर बाईसारखं राहणाऱ्या आदिवासी पुरुषांना, ज्यांना अनेक जमातींत मान होता. मानववंशशास्त्रवाले पार विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत ह्याला पारिभाषिक संज्ञा म्हणत राहिले. अहो, शिवी जाडजूड ग्रंथात छापली म्हणून परिभाषा होत नाही.

जॉर्ज कॅटलिन ह्या अमेरिकन चित्रकाराने 1830 च्या दशकात 'बर्दाशचा नाच' रंगवला, आणि वर लिहून ठेवलं की जास्त नोंद व्हायच्या आत ही चाल नामशेष व्हावी. मंकमनने 2008 मध्ये तेच नाव उचलून व्हिडिओ केला, पाच पडदे, सगळे बायसनच्या ताणलेल्या कातड्याच्या आकाराचे, आणि नाचाच्या मधोमध मिस चीफ, म्हणजे बाईच्या रूपातला मंकमन स्वतःच.

आता 'स्पिरिट'. ओजिब्वे ह्या तिथल्याच एका आदिवासी भाषेत हाच शब्द 'नीझ मनिडूवग', नीझ म्हणजे दोन. पण मनिडू म्हणजे आत्मा नव्हे, माणसाच्या आत्म्याला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे. आपल्याकडे एखादं देवस्थान जागृत आहे म्हणतात ना, तिथं जे जागं असतं ते मनिडू, हे माझं ठाम मत, आणि 'आत्मा' लिहिणारे कोशकार इथे साफ चुकतात. म्हणून टू-स्पिरिट तसंच ठेवा, अर्थ एका ओळीत द्या. आणि विनिपेग ज्या प्रांतात आहे त्या मॅनिटोबाच्या नावातही हाच मनिडू आहे, तिथल्या तलावाच्या चिंचोळ्या भागात लाटा गोट्यांवर आपटतात तो आवाज त्याचा मानायचे, म्हणजे 1990 ला ही मंडळी जमली ती त्याच्याच नावाच्या मुलखात!