ठोका आणि कट

प्रश्न : पाऊस, हात, हलते पडदे अशी दृश्यं संगीतावर गुंफून प्रयोगशील लघुपट करतेय. ड्रमच्या प्रत्येक ठोक्यावर कट घेते, म्हणजे दृश्य बदलते, तरी सगळं जाहिरातीसारखं दिसतं. असं का?

उत्तर : कारण पुढचा कट कुठे येणार हे प्रेक्षकाला आधीच कळतं. मिनिटाला १२० ठोके आणि सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर दर बाराव्या फ्रेमला कट! डोळा मग पाहत नाही, नुसता मोजत बसतो. संकलन करताना मी आधी आवाज बंद करते. मुकं दृश्य टिकलं नाही, तर संगीत त्याला वाचवत नाही, हे माझं ठाम मत. अ‍ॅनिमेशनकार नॉर्मन मॅकलॅरेन आणि एव्हलिन लॅम्बार्ट यांचा ‘बिगॉन डल केअर’ (१९४९) हा लघुपट बघा. पियानोवादक ऑस्कर पीटरसनच्या जॅझवर त्यांनी थेट फिल्मवरच रंग फासले, ओरखडे काढले. संथ भागात मात्र काळ्यावर बारीक पांढऱ्या रेषा, बस्स! तुम्हीही एखादं दृश्य चार-सहा ठोके ओलांडू द्या. कट ठोक्याच्या दोन-तीन फ्रेम आधी घेऊन पाहा. पडदा हलतोय ना? मग त्या हलण्यालाच ठोका माना, तिथे कट नकोच. आणि पाऊस काढून टाका. तो सगळेच घालतात.