वाचकांचे प्रश्न : पाऊस हातात नाही, मग काय आहे?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात बी. ए.च्या वर्गांना शिकवते. बहुतेक मुले-मुली पंधरा-वीस किलोमीटरवरून एस.टी.ने येतात. स्वाध्याय वेळेवर न देणे, मित्राकडून हजेरी लावून घेणे, शिष्यवृत्तीचा अर्ज राहून जाणे आणि मग गाडीला, पावसाला किंवा कार्यालयातल्या बाबूंना दोष देणे हे नित्याचे झाले आहे. एकदा मी याविषयी तासभर पोटतिडकीने बोलले, तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "मॅडम, पाऊस काय आमच्या हातात आहे का जी?" सगळा वर्ग हसला आणि मी निरुत्तर झाले. उपदेश न करता, वर्गातील चर्चेतून वैयक्तिक जबाबदारी शिकवता येते का?
— एक प्राध्यापिका

उत्तर : वर्ग हसला म्हणून तुम्हाला तो उद्धटपणा वाटला असेल; मला मात्र त्या तासातले सर्वांत प्रामाणिक बोलणे तेच वाटते, आणि चर्चा तिथूनच सुरू करता आली असती. कोरडवाहू शेतीच्या घरात वाढलेल्या मुलाने पावसाने दिलेली दडी पाहिलेली असते, २०१७ सारखे गुलाबी बोंडअळीचे वर्ष घरात ऐकलेले असते आणि कापूस घरात आल्यावरच भाव कसे पडतात हेही त्याला ठाऊक असते. अशा मुलाला 'तुझे आयुष्य सर्वस्वी तुझ्या हातात आहे' असे सांगितले, तर ते त्याला खोटे वाटते. आणि खरे सांगायचे तर ते बऱ्याच अंशी खोटे असतेच.

म्हणून पुढच्या वेळी त्याचाच प्रश्न फळ्यावर लिहा आणि वर्गाला विचारा, की पाऊस हातात नाही हे मान्य. पण तो लांबला म्हणजे तुमच्या घरी काय काय करतात? मी शिकवत असताना हा प्रश्न एका वर्गात विचारला होता. एरवी तोंड न उघडणारी मुले बोलू लागली : दुबार पेरणीची वेळ आली तर म्हणून बियाणे राखून ठेवतात, सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ टाकतात, ओल टिकावी म्हणून डवरणी करतात. फळा भरला. त्यानंतर पाऊस खोडून तिथे 'एस.टी.' एवढा एकच शब्द लिहिला आणि मी खुर्चीवर जाऊन बसलो. गाडी आली नाही यात विद्यार्थ्याचा दोष नाही. परंतु ती आली नाही हे सकाळीच फोन करून कळवणे, त्या दिवशीची टिपणे कोणाकडून तरी उतरवून घेणे आणि आठवड्यातून दोनदा गाडी चुकते हे माहीत असताना स्वाध्याय शेवटच्या दिवसावर न ठेवणे, या गोष्टी कोणाच्या, हे मला सांगावे लागले नाही. दोष कोणाचा आणि पुढचे काम कोणाचे, हे दोन प्रश्न मुले एकच समजतात. (आपणही समजतो, स्टाफरूममध्ये बसून ऐकावे.) ते वेगळे करून दाखवणे, एवढेच या चर्चेचे काम आहे.

प्रत्येक चर्चेसाठी एकच आणि काल्पनिक प्रसंग घ्यावा. उदाहरणार्थ, सोयाबीन सोंगायला मजूर मिळेना म्हणून एक मुलगा चार दिवस वावरात राबला, मित्राने त्याची हजेरी लावली, अंतर्गत परीक्षा बुडाली आणि शिक्षिकेने ती पुन्हा घेण्यास नकार दिला. यात मुलाचे काय, मित्राचे काय, वडिलांचे काय आणि शिक्षिकेचे काय, हे आधी प्रत्येकाने वहीत दोन ओळींत लिहावे, मग शेजाऱ्याशी बोलावे आणि त्यानंतरच वर्गासमोर मांडावे. लिहिलेले हाताशी असले की मागे बसणाऱ्या मुलींनाही बोलता येते. प्रश्न विचारल्यावर थांबायलाही शिकले पाहिजे. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गांचे निरीक्षण केले, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे आढळले. तेच तीन सेकंद थांबले की उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प असणारेही बोलतात. आणखी एक, मुलांना वऱ्हाडीत बोलू द्या. 'काहून' आणि 'जी' टाळून बोलण्यात ज्याचे निम्मे लक्ष गुंतले, तो विचार कशाने करणार?

एवढे करूनही चर्चा गप्पांवर संपण्याचा धोका असतो. याबाबत आपल्याच विदर्भातील मेंढा (लेखा) या गावाकडे पाहावे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील या गोंड आदिवासी गावाने २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, हे अनेकांना माहीत असते. त्यामागची बैठकीची रीत मात्र कमी लोकांना माहीत असते. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात मनमोकळी चर्चा होते, निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभा घेते आणि तोही बहुमताने न घेता सर्वांच्या सहमतीने. आपण स्वतः होकार दिलेला असल्यामुळे नंतर 'मला विचारले नव्हते' असे कोणालाही म्हणता येत नाही. वर्गातही एक तास चर्चेचा आणि दुसऱ्या दिवशी दहा मिनिटे निर्णयाची ठेवून पाहा. नियम मुलांनीच ठरवावा, उदाहरणार्थ, येता येणार नसेल तर तास सुरू होण्यापूर्वी कळवायचे. आणि एखाद्याची हरकत असेल तर ती ऐकून नियम बदलावा. पंधरा दिवसांनी तो पाळला गेला की नाही, हे वर्गासमोरच पाहावे. नेमका हाच भाग बहुतेक शिक्षकांकडून राहून जातो.

त्या नियमांत एक तुमच्यासाठीही असावा. तपासलेल्या उत्तरपत्रिका परत द्यायला मला एकदा दीड महिना लागला होता आणि त्याच काळात मी मुलांना वेळ पाळण्याविषयी सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतले, एवढेच.

एका बाबतीत मात्र अतिशय जपावे. ज्या घरात कर्जापायी कोणी आत्महत्या केली आहे, अशा घरातील मूल तुमच्या वर्गात असू शकते आणि ते तुम्हाला ठाऊक असेलच असे नाही. 'ज्याच्या त्याच्या निर्णयाचे फळ ज्याला त्याला' असे एखाद्या मुलाने चर्चेच्या भरात म्हटले, तर ते तिथेच थांबवून, कर्ज, भाव आणि पाऊस यांच्यापैकी काय त्या माणसाच्या हातात होते, हे विचारणे तुमचे काम आहे. कोणाच्याही घरची परिस्थिती उदाहरण म्हणून वर्गात काढू नये. ज्याला सांगायचे असेल तो तासानंतर येऊन सांगेल.

प्रश्न : आमच्या पाच जणांच्या गटप्रकल्पात काम दोघीच करतो आणि नावे पाचही जणांची लागतात. चर्चेत सगळे 'आपली जबाबदारी' म्हणतात, नंतर कोणी फिरकत नाही. मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, वाशीम जिल्हा

उत्तर : 'आपली' म्हटले की काम कोणाचेच उरत नाही. पहिल्याच बैठकीत एका कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे एकच काम आणि तारीख लिही, पाचही जणांच्या सह्या घे आणि तो कागद प्रकल्पाचे पहिले पान म्हणून जोडण्याची परवानगी सरांकडून आधीच मिळव. शेवटच्या आठवड्यात विचारशील, तर ती तक्रार ठरेल. एखादा कापूस वेचायला जात असल्यामुळे येऊ शकत नसेल, तर त्याला घरी रात्री करता येईल असे काम द्यावे. कोणाचे नाव वगळायचे की नाही, ते सरांनी त्या पानावरून ठरवावे. ते ओझे तू घेऊ नकोस.