जानापावचा घाट, भर पावसात
पहिल्यांदाच सायकलने जानापावला, महूजवळच्या डोंगरावर, निघतोयस ना? मग इंदूर अंधारातच सोड आणि उजाडायच्या आत महू ओलांड. नंतर आग्रा-मुंबई रस्त्यावर ट्रकच ट्रक. चढावर दम लागण्याआधीच हलका गिअर टाक. उभं राहून जोर लावलास की ओल्या डांबरावर मागचं चाक सरकतं.

खरी काळजी उताराची. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेवर रबरी गुटके दाबणारे, असतील तर पहिला दाब नुसतं पाणी पुसतो, चाक नंतर धरतो. म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी दोन्ही ब्रेक हळूहळू दाब, वळणात सोड. सागाची कुजलेली पानं रस्त्याला चिकटलेली दिसली की सायकल अजिबात झुकवू नकोस. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा १० पीएसआय कमी. वर चंबळचा उगम आहे, तिथे जरूर थांब, पण घाम गार होण्याआधी विंडचीटर चढव.