परसातल्या कोंबड्याची वाढलेली चोच घरी कापावी का?

कराडहून आपण विचारले आहे की, आपल्या दोन वर्षांच्या गावरान कोंबड्याच्या वरच्या चोचीचे टोक वाढून खाली वळले आहे, त्याला दाणे नीट टिपता येत नाहीत, तर ते घरीच कापले तर चालेल का. चालेल, परंतु कापण्यापेक्षा घासण्यावर भर द्यावा आणि त्याआधी चोच मुळात वाढली कशामुळे, हे पाहावे.

चोचीचे आवरण आपल्या नखांसारखेच केराटिनचे असते व ते आयुष्यभर वाढत राहते. आत मात्र हाड असते आणि आवरणाखाली रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात, त्यामुळे तिला निव्वळ नख समजून चालत नाही. उकिरडा उकरणारा, मुरमाड जमिनीवर दिवसभर चोची मारीत फिरणारा कोंबडा आपली चोच आपणच झिजवतो. आमच्या आजीला हा प्रश्न कधी पडलाच नाही, तो त्यामुळेच. अंगणात गुळगुळीत फरशी बसवल्यापासून आपला कोंबडा बहुतेक वेळ खुराड्यात भाताच्या तुसावर असतो आणि भिजवलेला भरडा ताटलीतून खातो, असे आपणच लिहिले आहे. माझ्या मते दुखणे तिथेच आहे.

काम रात्री करावे, कारण अंधारात कोंबडा फारसा झटापट करीत नाही. पंखांसकट टॉवेलात गुंडाळून तो दुसऱ्या माणसाच्या मांडीवर द्यावा, पण छाती आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते, छातीचे हाड हलले तरच त्यांचा श्वास चालतो. नाकपुड्यांवरही बोट येऊ देऊ नये. मोबाइलची बॅटरी चोचीच्या मागून धरली की फिकट चोचीत जिवंत भाग गुलाबीसर आणि पुढचे निर्जीव टोक पारदर्शक दिसते. त्या टोकातले एक-दोन मिलिमीटर, तेही एका घावात नव्हे तर दोन्ही कडांनी थोडे थोडे, कुत्र्याची नखे कापायच्या कटरने काढावे आणि मग बारीक कानशीने एकाच दिशेने घासून गोल करावे. मधोमध कापल्यास चोच उभी चिरण्याची भीती असते. उरलेले आठ-दहा दिवसांनी पाहावे. वरची चोच खालचीपेक्षा किंचित पुढेच असायला हवी. दोन्ही समान केल्यास दाणा पकडणे आणि पिसे साफ करणे, दोन्ही अवघड होते.

२०१९च्या आसपास आमच्या वाळवा-पलूस भागात कडकनाथाचे वेड पसरले होते, तेव्हा मीही एक नर पाळला होता. त्याची चोच काळीभोर, बॅटरीचा काही उपयोग नाही; तरीही मी घाई करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा उडवला. क्षणभर काहीच झाले नाही, मग टोकावर रक्ताचा मणी जमला, त्याने मान झटकली आणि चुना दिलेल्या भिंतीवर लाल शिंतोड्यांची रांग उमटली. कापसावर तुरटीची पूड घेऊन काही मिनिटे दाबून धरल्यावर रक्त थांबले, पण पुढचे तीन दिवस तो फक्त भिजवलेल्या कण्या खात होता. तेव्हापासून काळ्या चोचीला मी कटर लावत नाही, केवळ कानस लावतो.

चोच एका बाजूला वळून कात्रीसारखी झाली असेल, मुळापर्यंत तडकली असेल किंवा तोंडावर व पायांवर खपल्या धरल्या असतील, तर घरी हात न लावता पशुवैद्याकडे न्यावे. मोकळा फिरणाऱ्या कोंबड्याची चोच भराभर वाढत असेल तर यकृताचा विकारही असू शकतो. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, अडल्यास तिथे विचारता येईल. कोंबडा माणसांवर धावतो म्हणून चोच बोथट करण्याचा विचार असल्यास मात्र तो सोडावा. अंड्यांच्या फार्मवर पिलांची चोच तापलेल्या पात्याने कापतात, तो प्रकार निराळा आहे आणि परसातल्या पक्ष्यावर तो करण्याचे कारण नाही.

वाढलेल्या चोचीने पिसे विंचरता येत नसल्याने उवा माजतात, म्हणून त्याच रात्री पंखांखाली व शेपटीच्या मुळाशी पाहून घ्यावे. आणि ताटली बंद करावी. माझ्याकडे जात्याची एक फुटकी तळी होती, तिला छिन्नीने खाचा पाडून ती खुराड्यासमोर टाकली आहे; संध्याकाळी तिच्यावर भरड्याचा ओला गोळा पसरून वर मूठभर शाळू टाकतो, आणि खाचांत बसलेले खरवडून काढताना कोंबडे चोचीच्या दोन्ही बाजू त्या काळ्या दगडावर घासत राहतात.