बाळ ३१व्या आठवड्यात झालं, काचेत आहे. तिसऱ्या दिवशी बायकोला एका वेळी जेमतेम ५ मिली दूध निघतंय. आई म्हणते, डब्याचं सुरू करा. काय करू?

दादा, मी बारा वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर आहे. आधी एक विचारते, ते ५ मिली बाळापर्यंत पोचतंय ना? 'एवढंसं काय न्यायचं' म्हणून वाटी विसळून टाकलेली मी पाहिली आहे. दर वेळी जीव हळहळतो.

इतक्या लहान बाळाला सुरुवातीला नळीतून एका वेळी १-२ मिलीच दूध देतात, दर दोन-तीन तासांनी. म्हणजे तुमच्या ५ मिलीत त्याची दोन-तीन वेळची सोय होते. त्यात हा चीक आहे, रोगाशी लढणारे घटक त्यात सगळ्यात जास्त. नळी सुरू झाली नसेल तरी आम्ही त्याचे थेंब बाळाच्या गालाच्या आतून लावतो. कमी दिवसांच्या बाळांना आतड्याचा एक भयंकर आजार होऊ शकतो, डॉक्टर त्याला एनईसी म्हणतात. डब्याच्या दुधावरच्या बाळांपेक्षा आईच्या दुधावरच्या बाळांना तो कमी होतो. म्हणून डब्याची घाई करू नका. तुमच्या आईंनाही हे कारण शांतपणे सांगा, त्या काळजीपोटीच बोलताहेत.

दूध वाढतं ते काढल्यानं. बाळ अजून ओढत नाही, तेव्हा ते काम हातानं किंवा पंपानं दिवसातून ८ ते १० वेळा करायला हवं, रात्री धरून. चीक घट्ट असतो, पंपाला चिकटून वाया जातो, म्हणून पहिले काही दिवस हातच बरा. अंगठा आणि बोटं स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाच्या जरा मागे ठेवून आधी छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे. कातडीवर बोटं घासायची नाहीत. एकदा सिस्टरकडून समोर बसून शिकून घ्या.

आता तुमचं काम. रात्री २ चा गजर तुम्ही लावा. वाट्या, पंपाचे भाग तुम्ही घासा, उकळा. डबीवर नाव, तारीख, वेळ लिहून बर्फाच्या डब्यातून तुम्ही पोचवा. फ्रिजमधलं दूध आमच्याकडे २४ तासांत वापरतात, तुमच्या वॉर्डचा नियम विचारून घ्या. आणि घरात कुणाला बाटली मोजू देऊ नका. एका बाळंतिणीच्या घरी रोज मोजणी चालायची, ती रडायची, आणि ताणात पान्हा फुटत नाही. शेवटी नवऱ्यानं बाटलीवर लोकरीचा मोजा चढवला. तिलाही दिसेना, बाकीच्यांनाही. त्या आठवड्यात ती निवांत बसून दूध काढू लागली.

डॉक्टर हो म्हणाले की बाळाला तिच्या उघड्या छातीशी धरायला द्या. कांगारू केअर म्हणतात ते. तुम्हीही घेऊ शकता. त्यानंतर लगेच दूध काढलं तर बरेचदा जास्त निघतं.

एवढं करून कमी पडलं तर डब्याआधी मिल्क बँकेचं विचारा. मुंबईत सायन हॉस्पिटलला डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली सुरू केली. दुसऱ्या मातांनी दिलेलं दूध तिथे ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून, तपासून ठेवतात. बाळ दीड किलोच्या आतलं असेल तर डॉक्टर आईच्याच दुधात पोषणाची पावडर मिसळायला सांगतील. तिचं दूध हलकं आहे असा अर्थ कुणी काढू नये, बाळाच्या हाडांना, वाढीला जास्त लागतं म्हणून ती देतात. बायकोची काही औषधं चालू असतील तर दूध बंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. बहुतेक औषधं चालतात.

चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसायला लागतो. तोवर नळी, मग बोंडलं किंवा वाटी-चमचा, आणि मग अंगावर. बाटलीची सवय लावू नका.

आज रात्री जे निघेल ते सकाळच्या पाळीच्या सिस्टरच्या हातात द्या. ती नळीतून देत असेल तेव्हा बायकोला काचेशी उभं करा, आणि सिरिंज तिला स्वतः धरू देतील का, ते विचारा.