हजेरीवही घरी ठेवून जा

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. आपल्या चर्चच्या तरुण संघाला पूर्वी वीस-बावीस मुलं असायची, आता सहा-सात उरली. मग प्रोजेक्टर घ्यावा का, गिटार वाजवणारा कुणी आणावा का, असं तू विचारलंयस. घ्या की, माझी हरकत नाही. पण कंटाळून गेलेली मुलं गिटारसाठी परत येतील, विश्वास उडालेली नाही येणार. तुमची कशानं गेली, हे आधी शोध.

माझ्या हातून एक मुलगा गेला, ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बारावीला नापास झाला होता. घरी सांगायची हिंमत नव्हती, म्हणून उपासना संपल्यावर देवळाच्या पायरीवर माझ्याजवळ बसून रडला. मी बुधवारच्या प्रार्थनासभेत त्याचं नाव घेतलं. हेतू चांगलाच होता, त्याच्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना करावी इतकंच. रात्रीच्या आत ती बातमी त्याच्या आईपर्यंत पोचली. पुढच्या रविवारी तो शेवटच्या बाकावर बसला, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. नंतर यायचाच बंद झाला. आपल्या मंडळ्यांत प्रार्थनेची विनंती म्हणून किती जणांची गुपितं चव्हाट्यावर येतात, याचा विचार कर. मुलांना ते बरोबर कळतं.

तीन वर्षांनी मी तो काम करत होता त्या गॅरेजवर गेले. "चूक माझी होती, मला माफ कर," एवढंच बोलले. त्यानं फडक्याला हात पुसले, स्टूल पुढे सरकवलं आणि चहा मागवला. देवळात ये, असं मी म्हटलं नाही. तो अजूनही क्वचितच येतो. पण मुलगी आजारी पडली तेव्हा पहिला फोन त्यानं मला केला.

आपल्या नगरचंच बघ. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात ठोंबरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला 'बालकवी' ही पदवी मिळाली. पुढे ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी त्याला नगरला आपल्या घरी आणलं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखी माया लावली. तो ख्रिस्ती झाला नाही. म्हणून त्याच्या ताटातली भाकरी कमी झाली नाही. खुद्द लक्ष्मीबाईंचं काय? टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांचा 1900 चा. मधली वर्षं दोघांनाही जड गेली, पण अखेर त्या आल्या त्या स्वतःच्या विचारानं. मैत्रीचा गळ करून मुलांना ओढू नकोस. गळ लागला की मासा तडफडतो, आणि दिसेल त्या फटीतून निसटतो.

बायबलातल्या अम्माऊस गावच्या वाटेवर प्रभू येशूनं आधी काय केलं? खिन्न होऊन निघालेल्या दोघा शिष्यांबरोबर चालू लागला आणि तुमचं काय बोलणं चाललंय, असं विचारलं. त्यांचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं. शास्त्र उलगडलं ते त्यानंतर. आपण नेमकं उलटं करतो. मुलगा "मला देव आहे असं वाटत नाही" म्हणाला, की आपण लगेच वचन काढतो. तू तसं करू नकोस. "कधीपासून वाटतंय?" असं विचार आणि मग गप्प बस. उत्तर येत नसेल तर माहीत नाही म्हण. त्यानं तुझा मान कमी होत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेव. "कुणाला सांगणार नाही" असं आंधळं वचन देऊ नकोस. कुणी जिवाचं बरंवाईट करून घ्यायचं बोललं, तर त्याला सांगून योग्य माणसापर्यंत पोच. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, तर मुलांच्या संरक्षणासाठीच्या 2012 च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांत कळवणं बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू वगैरे तिथं आड येता कामा नये. आणि मुलांशी बोलायचं ते चार माणसं दिसतील अशा जागी, बंद खोलीत नव्हे.

गाणाऱ्या गटातली ती मुलगी दोन महिने आली नाही, असं तू पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंयस. माझ्या मते तुझ्या पत्रातली महत्त्वाची ओळ तीच. तिच्या घरी जा, तुझ्या बहिणीला बरोबर ने, आईच्या हातचा चहा घे. हजेरीवही घरी ठेव. "का येत नाहीस" असं विचारू नकोस, "कशी आहेस" विचार. काय म्हणाली ते मलासुद्धा सांगू नकोस.

तुझ्या शब्बाथ शाळेच्या बाई