काही लपवायचंच नसेल, तर व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज सरकारला दिसले म्हणून काय बिघडलं?

अफवा पसरवणारा सापडलाच पाहिजे, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. तेव्हा आमच्या बीड जिल्ह्यातही तसले मेसेज फिरत होते. पण सज्जनाने भ्यायचं कारण नाही, हे मला पटत नाही.

मी केज-धारूरकडच्या ऊसतोड बायांसोबत काम करते. टोळ्या कारखान्यावर गेल्या की बोलणं फोनवरच. कुणी उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीच्या, वहीचं पान पाठवतं, हातात किती पडले आणि मुकादमाने, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराने, किती लिहिले ते दाखवायला. कुणी गर्भपिशवीच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट पाठवते, खाली लिहिते, "ताई, कुणाला दाखवू नका." यात गुन्हा कुठला? पण मुकादमापासून तिला हे लपवायचंच असतं, आणि तिचा तो हक्क आहे. तालुक्याच्या गावात मुकादम, पुढारी आणि ठाण्यातले साहेब एकाच पंगतीला जेवतात. इथे 'सरकारला दिसलं' म्हणजे नेमकं कुणाला दिसलं, हे आधी विचारावं लागतं.

आता कायद्याचं. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये बंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनमध्ये उघडतो, मधे कंपनीलाही वाचता येत नाही. यालाच एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात. २०२१ च्या आयटी नियमांनी ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग कंपन्यांना सांगितलं की मेसेज मुळात कुणी पाठवला ते काढून देता आलं पाहिजे. मजकूर नको, फक्त पहिला माणूस द्या, असं सरकार म्हणतं. आदेशही कोर्टाचा किंवा आयटी कायद्याच्या कलम ६९ खालचा (सरकारला संभाषण तपासायचा अधिकार देणारं कलम) लागतो, गंभीर गुन्ह्यांसाठीच. पण कुठला मेसेज उद्या गुन्ह्यात निघेल हे आज कुणाला ठाऊक? म्हणजे सगळ्यांच्या सगळ्या मेसेजची, बोटाच्या ठशासारखी, खूण आजपासून जपून ठेवणं आलं.

एवढं करूनही खरा माणूस हाती लागेल याची खात्री नाही. एक शब्द बदलला, किंवा मेसेजऐवजी त्याचा स्क्रीनशॉट पुढे पाठवला, की खूण बदलली. शिवाय नियमात असंही आहे की मूळ पाठवणारा परदेशात असेल तर भारतात पहिल्यांदा पाठवणारा तोच मूळ धरायचा. परभणीच्या एखाद्या पोराला दुबईतल्या भावाने अफवा धाडली आणि त्याने घाबरून "हे खरंय का?" म्हणून गावच्या ग्रुपवर टाकली, तर कागदावर मूळ तोच ठरू शकतो.

तुम्ही म्हणाल, कलम ६९ चा आदेश गृहसचिवांच्या पातळीवर निघतो, ठाण्यातल्या फौजदाराला कोण विचारतो. खरं आहे. पण लोकांच्या संभाषणापर्यंत पोचायला चोरदार एकदा ठेवलं की त्यातून कोण आत येईल हे गृहसचिवांच्याही हातात राहत नाही. ग्रीसमध्ये व्होडाफोनच्या एक्सचेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगचं सॉफ्टवेअर होतं. २००४-०५ मध्ये अज्ञात लोकांनी तेच वापरून पंतप्रधानांसह शंभरावर जणांचे फोन ऐकले. अमेरिकेत चिनी हॅकर टेलिफोन कंपन्यांत शिरून तपास यंत्रणांसाठीच्या टॅपिंग व्यवस्थेपर्यंत पोचले. ते उघड झाल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्याच सरकारी सायबर संस्थेने मोठ्या अधिकाऱ्यांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शनची अ‍ॅप वापरायला सांगितलं. आपल्याकडे तर २०१५ च्या एन्क्रिप्शन धोरणाच्या मसुद्यात लोकांनी स्वतःचे मेसेज ९० दिवस उघड्या रूपात जपून ठेवावेत असं लिहिलं होतं! ओरड झाली आणि तो लगेच मागे घेतला गेला.

मूळ पाठवणारा शोधून देण्याच्या नियमाविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅप २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्ही भारतातून जाऊ, असं त्यांच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये तिथे सांगितलं. कंपनी धंद्यासाठी भांडते, मला तिचा पुळका नाही.

एन्क्रिप्शनमुळे पोलिसांचे हात बांधले जातात, हे मात्र मला पटत नाही. ग्रुपमधल्या एकाने फोन ठाण्यात नेऊन दिला की त्यातलं सगळं संभाषण त्यांच्यासमोर असतं. सीडीआर, म्हणजे कुणी कुणाला कधी फोन केला याची नोंद, आहे, टॉवर लोकेशन आहे. राईनपाड्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटपुरतं मर्यादित केलं, २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजसाठी एकावर आणलं, त्यासाठी कुणाचा मेसेज वाचावा लागला नाही. जिल्ह्याच्या सायबर सेलला पुरेशी माणसं द्या, आणि अफवा उठली त्याच रात्री पोलीस पाटलाच्या आवाजात खुलासा गावच्या ग्रुपवर जाऊ द्या.